मिस व्हर्नेलचा गिअरबॉक्स

आमच्या गल्लीत व्हर्नेल गॅस्किन्सला नुसतं व्हर्नेल म्हणायची कुणाची छाती नव्हती. लहानथोर सगळे मिस व्हर्नेल म्हणत. उत्तर फिलाडेल्फियातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिची सगळी नोकरी झाली. निम्म्या वस्तीला तिने लहानपणी जेवू घातलेलं. त्यामुळे त्या सगळ्यांना रागावायचा आपल्याला हक्क आहे, असं ती धरूनच चालायची. उंच, हाडापेराने मजबूत बाई. चर्चमध्ये गायची नाही, पण बाकीच्यांचा सूर चुकला की मान वळवून बघायची.

तिला एकच मुलगा, केल्विन. एकोणीस वर्षांचा असताना तो एका संध्याकाळी गाडीत बसून राहिला आणि त्याचे दोन मित्र दारूच्या दुकानात शिरले. आत गोळी सुटली, दुकानदार मेला. केल्विनच्या हातात बंदूक नव्हती, तो दुकानात गेलाही नव्हता. आमच्या राज्यात त्याने काही फरक पडत नाही. त्याला जन्मठेप झाली, आणि इथे जन्मठेप म्हणजे माणूस मरेपर्यंत.

तुरुंग राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरांच्या पलीकडे. माझा धाकटा भाऊ एमरी दरोड्याच्या गुन्ह्यात तिथेच होता. मी इस्पितळाच्या कपडे धुण्याच्या विभागात काम करायचे, माझ्याकडे गाडी नव्हती. पहिली दोन वर्षं मी त्याला भेटलेच नाही. मग कळलं की मिस व्हर्नेलने सात जणांची एक जुनी, हिरवी मिनीव्हॅन घेतलीय आणि दर दुसऱ्या रविवारी ती केल्विनला भेटायला जाते. मी घाबरत घाबरत तिचं दार वाजवलं.

"एमरीची बहीण ना तू?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मटार ताटात लपवायचा तो. पहाटे कोपऱ्यावर उभी राहा. ब्रामध्ये तार असेल तर काढून ठेव, दारावरचं यंत्र वाजतं आणि मग आत सोडत नाहीत. आणि माझ्या गाडीत रडायचं असेल तर येताना रडायचं, जाताना नाही."

असे आम्ही पाच-सहा जण जमलो. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा, कुणाचा बाप. पेट्रोलचे पैसे सगळे मिळून द्यायचे. फॉइलमध्ये गुंडाळलेलं तळलेलं चिकन, रताळ्याची गोड पाई, थर्मासमध्ये कॉफी असं सामान मांडीवर घेऊन आम्ही निघायचो. शहर मागे पडलं की शेतं, मग बोगदे, मग घाट. तिथे पोचेपर्यंत सगळ्यांची बोलणी संपलेली असायची.

तेव्हा मिस व्हर्नेलला गाडीतलं फक्त चालवायचं माहीत होतं. इंजिनचं ऑइल ती बदलून घ्यायची, चाकात हवा भरायची. गिअरबॉक्सला स्वतःचं वेगळं ऑइल असतं आणि तेही तपासायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? ऑटोमॅटिक गाडी. गिअरची दांडी ओढायची आणि निघायचं.

तिसऱ्या हिवाळ्यात गाडी सकाळी गिअर घ्यायला वेळ लावायला लागली. दांडी खाली ओढली तरी क्षणभर तशीच उभी राहायची आणि मग एक धक्का देऊन निघायची.

"मिस व्हर्नेल, हिला काय होतंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"म्हातारी झालीय. मलाही सकाळी उठायला वेळ लागतो, तेव्हा नाही कुणी विचारत."

आम्ही हसलो.

त्या फेब्रुवारीत आमच्याबरोबर मदर पिंकनी आल्या. चर्चमधल्या मानाच्या म्हाताऱ्या म्हणून सगळे त्यांना मदर म्हणत, पांढरी टोपी घालून पहिल्या बाकावर बसणाऱ्या. त्यांचा पन्नाशीचा मुलगा त्याच तुरुंगात होता. मदर पिंकनींना पोटाचा कॅन्सर होता, डॉक्टरांनी औषधं थांबवली होती. आपली ही शेवटची मुलाकात हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही होतं, पण बोललं कुणीच नाही. मिस व्हर्नेलने त्यांच्यासाठी मधली सीट उशा लावून मऊ केली होती.

शेवटचा मोठा घाट अर्ध्यावर आला आणि इंजिन एकदम ओरडायला लागलं. आवाज वाढत होता आणि गाडीचा वेग मात्र कमी होत होता. मिस व्हर्नेलने पाय आणखी दाबला. गाडीत जळका वास भरला. मागून ट्रक भोंगे वाजवत बाजूने जायला लागले. तिने कशीबशी गाडी कडेला घेतली. दांडी वर केली, खाली केली, पुन्हा वर. इंजिन चालूच होतं, पण चाकं हलायला तयार नव्हती.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. मोबाईल तेव्हा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. बऱ्याच वेळाने एक पोलीस गाडी थांबली, पोलिसाने गाडी ओढून नेणाऱ्या टोइंगवाल्याला कळवलं. टोइंगवाला यायला आणखी उशीर. मदर पिंकनींना आम्ही आमचे कोट पांघरले.

"किती राहिलंय गं चढायचं?" त्यांनी विचारलं.

"थोडंच, मदर."

"पलीकडे उतरलं की लगेच आहे ना?"

"लगेच."

त्यांनी खिडकीची वाफ हाताने पुसली आणि घाटाच्या वरच्या टोकाकडे बघत राहिल्या. भेटीची वेळ टळली तसं त्या स्वतःच म्हणाल्या, "आता परतच न्या मला. थंडी वाजतेय."

पुढच्या खेपेच्या आतच त्या गेल्या. मुलाला अंत्यविधीला सोडलं नाही. चर्चमध्ये मिस व्हर्नेल शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसली होती. बाहेर पडताना मी तिला म्हटलं, "गाडी बिघडली, त्यात तुमचा काय दोष?"

"बिघडली नाही, योलांडा," ती म्हणाली. "मी बिघडू दिली. आठवडेच्या आठवडे ती मला सांगत होती."

गाडी तोवर एफ्राइनच्या गॅरेजमध्ये येऊन पडली होती. एफ्राइन पोर्तो रिकोचा, उड्डाणरेल्वेच्या पुलाखाली त्याचं छोटं गॅरेज. मोठ्या बाईला तो त्याच्या स्पॅनिशमध्ये मानाने दोन्या म्हणायचा. गिअरबॉक्स सोडून तो दुसरं काही दुरुस्त करायचा नाही. त्याने पांढऱ्या फडक्यावर गाडीतलं थोडं ऑइल ओतलं आणि मिस व्हर्नेलपुढे धरलं. मी तिच्याबरोबर होते.

"काय दिसतं, दोन्या व्हर्नेल?"

"कॉफी."

"वास घ्या."

तिने घेतला आणि मान मागे खेचली. करपलेल्या पावाचा असतो तसा वास होता.

"हे लालभडक असतं," तो म्हणाला. "चेरीच्या सरबतासारखं. आत पातळ चकत्या असतात, त्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा चाकाला जोर मिळतो. ऑइल गरम होऊन जळलं की चकत्या घासतात, झिजतात, पकड सुटते. सात माणसं भरून तुम्ही दर पंधरवड्याला डोंगर चढवताय. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढे मैल तुमच्यासाठी नाहीत. ते एकटा माणूस सपाट रस्त्याने ऑफिसला जातो त्याच्यासाठी. तुम्ही निम्म्यावर बदलायचं."

"आणि सकाळी ती थांबून धक्का द्यायची ते?"

"तेव्हा आणली असती तर ऑइल आणि जाळी बदलून, आतली बारीकसारीक कामं करून कदाचित वाचली असती."

"कदाचित?"

एफ्राइनने फडकं घडी करून खिशात घातलं. "बहुतेक," तो म्हणाला. नंतर एकदा त्याने मला सांगितलं की तो एक शब्द आपण गिळायला हवा होता.

गिअरबॉक्स नव्याने बांधावा लागला. वसंत आला तेव्हा गाडी परत रस्त्यावर होती, आणि मिस व्हर्नेल वेगळीच बाई झाली होती.

आता निघायच्या आधी ती इंजिन चालू करून आम्हाला गाडीबाहेर उभं करायची. थंडी असो, पाऊस असो. गाडीखालची जमीन वाकून बघायची, कुठे लाल थेंब पडलाय का. मग गाडी थोडी फिरवून गरम करायची, सपाट जागेवर उभी करायची, इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडायचं, ऑइल मोजायची पट्टी ओढायची, पुसायची, परत घालायची, परत ओढायची. पांढऱ्या कागदावर टेकवून रंग बघायचा, बोटांत चोळायचं, नाकाशी न्यायचं.

"मिस व्हर्नेल, दूध नासलंय का बघताय काय?" कुणीतरी पायावर पाय घासत म्हणायचं.

"तू नासलीयस. गप्प उभी राहा."

उन्हाळ्यात तिने रेडिएटरपुढे एक जादा कूलर बसवून घेतला, ऑइल थंड ठेवायला. घाट लागला की वरचा गिअर बंद करायची, म्हणजे गाडी सारखी गिअर बदलत बसत नाही आणि तापत नाही. उतारावर खालच्या गिअरमध्ये सावकाश. मागे घेताना गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दांडीला हात लावायची नाही. चढावर उभी करताना आधी हातब्रेक, मग दांडी. मागचं सामान तिने इतकं कमी करायला लावलं, की एका बाईचा भरलेला आइसबॉक्स तिने फुटपाथवरच ठेवून दिला.

"अहो, त्यात माझं जेवण आहे!"

"जेवण मांडीवर घे. बर्फ घाटावर फुकट मिळेल."

वर्षातून दोनदा ती एफ्राइनकडे जायची. तो गिअरबॉक्सचं खालचं भांडं उतरवायचा, आणि ती स्टुलावर बसून बघायची. भांड्याच्या तळाला एक लोहचुंबक असतं, झिजलेल्या धातूची पूड त्याला चिकटते. नुसता मऊ, करडा लेप असेल तर ठीक. कण किंवा चकाकते तुकडे दिसले तर आत काहीतरी मोडतंय. दर वेळी तो चुंबकावरचा लेप बोटावर घेऊन तिला दाखवायचा, ती मान हलवायची, आणि मगच श्वास सोडायची. एकदा एफ्राइन म्हणाला, "दोन्या, माझी बायकोसुद्धा मुलांच्या प्रगतिपुस्तकाची एवढी धास्ती घेत नाही." ती हसली नाही. म्हणाली, "तिला पहिल्या बाकावरची रिकामी जागा दिसत नाही ना दर रविवारी."

गाडी त्यानंतर घाटात एकदाही अडली नाही. अनेक वर्षं गेली. माणसं बदलत गेली. कुणाचा नवरा सुटला, कुणी यायचंच सोडून दिलं. आणि मग एका रविवारी, ऑक्टोबरात, केल्विन मुलाकातीला आला नाही.

आम्ही सगळे आत बसलो होतो. माझ्यासमोर एमरी होता. मिस व्हर्नेल कोपऱ्यातल्या टेबलाशी, पारदर्शक पिशवीत नाणी घेऊन, नाणी टाकून घ्यायच्या यंत्रातला बर्गर आधीच आणून ठेवून बसली होती. शिपाई आला आणि तिच्याशी वाकून बोलला. ती म्हणाली, "आजारी आहे का?"

"नाही, मॅडम. येत नाही म्हणाला."

"त्याला सांगा आई आलीय."

"सांगितलं, मॅडम."

तिने बर्गर उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "एमरी, खाऊन टाक. गार होतोय." आणि बाहेर निघून गेली. भेट संपून आम्ही बाहेर आलो तेव्हा ती गाडीत बसून होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

येताना घाटाच्या उतारावर मीच विचारलं, "भांडण झालं होतं का फोनवर?"

"नाही." वळण घेतल्यावर म्हणाली, "मागच्या वेळी मी त्याला म्हटलं, तू बारीक झालास. एवढंच. बारीक झालास म्हटलं."

पुढच्या खेपेलाही तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. फोन मात्र करायचा. महिन्यातून एकदा, दोनदा. बरा आहेस का, बरी आहेस का. का येत नाहीस विचारलं की म्हणायचा, "आई, एवढ्या लांब येऊ नकोस. थकतेस तू." ती म्हणायची, "मी ठरवते मी कधी थकायचं." आणि फोनची वेळ संपायची.

मला वाटलं आता ती गाडी विकेल. तिने विकली नाही. दर दुसऱ्या रविवारी ती आम्हाला घेऊन जायची, फाटकापाशी सोडायची आणि भेटीची वेळ संपेपर्यंत गाडीतळावर बसून राहायची. आत येऊन नाव लिहायची, शिपाई आत निरोप द्यायचा, उत्तर यायचं आणि ती परत गाडीत. पुढे पुढे शिपायालाच ते उत्तर सांगायची लाज वाटायला लागली, तो नुसती मान हलवायचा.

"कशाला करताय हे?" मी एकदा न राहवून विचारलं.

"तुम्हाला कोण आणणार मग?"

"आमचं जाऊ द्या."

तिने गाडीच्या काचेतून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "उद्या त्याच्या मनात आलं यायचं, आणि मी नसले, तर? तेवढ्यासाठी मी इथे असायला हवी. आणि इथे असायचं तर ही चालायला हवी." तिने हात लांबवून गिअरच्या दांडीवर ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

त्या काळात तिचं गाडीवर लक्ष आणखी वाढलं. पाऊस नसेल तर गाडीतळावर बसल्या बसल्या ती परत एकदा पट्टी ओढून बघायची. एफ्राइन म्हणाला, एवढ्या वेळा उघडू नका, धूळ जाते आत. ते तिने ऐकलं. मग ती नुसतीच बसायची.

एमरीला मी पुन्हा पुन्हा विचारलं, केल्विनला झालंय तरी काय. तो मान खाली घालायचा. "ताई, आत माणूस दुसऱ्याचं बोलत नाही. ठीक आहे तो. जिवंत आहे." याच्यापुढे तो जायचा नाही.

असं किती चाललं ते मोजावंसं वाटत नाही. मिस व्हर्नेलचे केस पांढरे झाले. एका शरद ऋतूत, आम्ही निघायच्या तयारीत असताना तिने नेहमीसारखी पट्टी ओढली, कागदावर टेकवली आणि म्हणाली, "छान लाल आहे. चला बसा."

मी शेजारीच उभी होते. कागदावरचा डाग लाल नव्हता. विटकरी झाला होता, गढूळ.

"मिस व्हर्नेल, हे लाल नाही."

"काय बोलतेस? डोळे फुटले का तुझे?"

"नीट बघा ना."

तिने कागद डोळ्यांजवळ नेला, मग बाजूला, मग मान वाकडी करून कडेने बघितला. ती तसं का बघतेय हे मला तेव्हा कळलं. तिने कागद माझ्या हातात दिला. बोटांवरचं ऑइल चोळून वास घेतला.

"जळायला लागलंय थोडं," ती हळू म्हणाली. "वास येतोय. आधी वास घ्यायला हवा होता."

त्या दिवशी आम्ही गेलो नाही. ऑइल बदलायची वेळ जवळ आलेलीच होती, एफ्राइनने ते काम उरकलं. चुंबकावर फक्त करडा लेप होता. पण डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं ते काही बदलून देण्यासारखं नव्हतं. नजरेचा मधला भाग जात चालला होता. कडेचं दिसणार, समोरचं पुसट होणार. वाचता येणार नाही, चेहरे ओळखू येणार नाहीत. गाडी आजपासून बंद.

"कधीपासून दिसत नव्हतं?" मी विचारलं.

"रस्ता दिसतो मला. रस्ता लांब असतो." मग म्हणाली, "माणसांच्या तोंडाकडे मी तशीही फारशी बघत नाही आता."

चाव्या तिने माझ्या हातात ठेवल्या. त्यानंतर मी चालवायचे आणि ती शेजारी बसायची. पट्टी मी ओढायचे. रंग मी सांगायचे, वास ती घ्यायची. घाटात तिचं लक्ष आवाजावर असायचं. "वरचा गिअर काढ. काढ म्हटलं ना! ऐकू येत नाही का, तडफडतेय ती." माझा घाम निघायचा. पण गाडी चढायची.

एमरीला मी सहज सांगितलं, की आता मीच चालवते, मिस व्हर्नेलचे डोळे गेले. तो एकदम पुढे झुकला.

"गेले म्हणजे? आंधळी झाली?"

"आंधळी नाही. कडेकडेचं दिसतं. समोर धरलेलं नाही दिसत."

पुढच्या भेटीत त्याने बसायच्या आधीच विचारलं, "ताई, केल्विन विचारतोय. तिला तोंड दिसतं का माणसाचं?"

"कशाला?"

"तू सांग ना. दिसतं की नाही?"

"नाही दिसत. मलासुद्धा ती आवाजावरून ओळखते."

एमरीने टेबलावर दोन्ही हात पसरले आणि त्यांच्याकडेच बघत राहिला. मग त्याने सांगितलं. केल्विन पहिल्यांदा भेटायला आला नाही त्या ऑक्टोबरच्या जरा आधी, तुरुंगाच्या अंगणात दोन टोळ्यांची मारामारी झाली होती. केल्विनचा त्यात काही संबंध नव्हता. ब्लेड लागलं ते त्याच्या तोंडावर. नीट शिवलं गेलं नाही. पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा तो एमरीला म्हणाला होता, बारीक झालास म्हणून जी बाई घरी जाऊन आठवडाभर झोपत नाही, तिला हे तोंड दाखवू?

नाताळच्या आधीच्या रविवारी मिस व्हर्नेलने नेहमीसारखं आत नाव दिलं आणि गाडीकडे परतायला वळली. शिपाई म्हणाला, "मॅडम, बसा. येतोय तो."

तिला ते ऐकू गेलं, पण ती हललीच नाही. मी दंडाला धरून तिला टेबलाशी नेलं. केल्विन दारातून आला. मी त्याला शेवटचा पाहिला होता तेव्हा तो तरुण दिसायचा. आता केस विरळ झालेले, आणि कानापासून ओठापर्यंत जाड, ओढलेला व्रण. त्यामुळे एक पापणी खाली खेचली गेलेली. तो तिच्यासमोर उभा राहिला, आणि ती त्याच्या खांद्याच्या बाजूला बघत राहिली, कडेच्या नजरेने त्याला शोधत.

"आई."

भेटीच्या सुरुवातीला एकदा मिठी मारू देतात. ती मिठीत शिरली. उंच बाई, पण त्याच्या छातीपर्यंतच आल्यासारखी वाटली. मग तिचा हात वर गेला, त्याच्या गालाकडे. केल्विनने मनगट धरलं. दोघं तशीच उभी राहिली. शिपायाने बघून न बघितल्यासारखं केलं. हळूहळू केल्विनने हात सोडला.

तिने बोटं व्रणावरून सावकाश नेली. पापणीपर्यंत. परत ओठापर्यंत.

"कुणी केलं?"

"जुनं आहे, आई."

"केवढं जुनं?"

त्याने तोंड फिरवलं.

"मी बाहेर गाडीत बसायचे तेव्हाचं?"

"हो."

तिने त्याच्या खांद्यावर एक फटका मारला. जोरात. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळली. "गाढवा," ती म्हणाली, "मला वाटलं, तू मला विटलास." आणि ती खुर्चीत बसली, टेबलावर डोकं टेकवून. तो तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, मग शिपायाकडे बघून मागे घेतला.

येताना ती रडेल असं मला वाटलं. ती झोपली. त्या गाडीत मी तिला झोपलेली प्रथमच बघितली. घाट उतरून आल्यावर जागी झाली आणि म्हणाली, "मला आधीच हात लावायला हवा होता. कुठल्या वाटेने, कसा, ते माहीत नाही. पण लावायला हवा होता."

त्यानंतर केल्विन दर खेपेला आला. फार थोड्या खेपा झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात मिस व्हर्नेल घराच्या जिन्यावर पडली, खुब्याचं हाड मोडलं. एकटीने राहणं शक्यच नव्हतं. साउथ कॅरोलिनात तिची बहीण होती, ती येऊन तिला घेऊन गेली. जाताना मिस व्हर्नेलला बहिणीच्या गाडीत स्वतः बसता आलं नाही, दोन माणसांनी बसवलं. तिला फुटपाथवरून निरोप देताना मी विचारलं, केल्विनला काय सांगू? ती म्हणाली, "जेवत जा म्हणावं."

एमरी त्याच वर्षी सुटला. आता माझं त्या तुरुंगात कुणी नव्हतं. शिवाय आता संगणकाच्या पडद्यावरची मुलाकात सुरू झाली होती, माणसं घरी बसूनच बोलायला लागली होती. कधीकधी गाडीत मी आणि आणखी एखादीच असायचो. तरी मी जायचे. केल्विनने भेटणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घातलं होतं. ऑइल मी निम्म्या मैलांवरच बदलायचे. एफ्राइनने गॅरेज भाच्याला दिलं होतं, आणि एवढ्या कमी मैलांवर ऑइल बदलायची गरज नाही असं तो भाचा दर वेळी म्हणायचा. मी म्हणायचे, बदल.

मिस व्हर्नेल तिकडेच गेली, सप्टेंबरात, झोपेत. बहिणीचा मला फोन आला. तुरुंगाच्या पाद्र्याने केल्विनला आत बोलावून सांगितलं. जायला परवानगी मिळायचा प्रश्नच नव्हता, त्याने मागितलीही नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटीच गेले. तो बाहेर येईल की नाही याची मला खात्री नव्हती. तो आला. समोर बसला. मी यंत्रातून कॉफी आणली, ती त्याने हातात धरून ठेवली, प्यायला नाही. मी अंत्यविधीचं सांगायला लागले, कोणती गाणी म्हटली, कोण कोण आलं होतं. मी गेलेच नव्हते, बहिणीने फोनवर सांगितलेलं तेच सांगत होते. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "शवपेटी कुठल्या लाकडाची होती?" ते मला माहीत नव्हतं. मी विचारून सांगेन म्हटलं.

मग आम्ही वेळ संपेपर्यंत तसेच बसलो. शिपायाने हाक दिल्यावर तो उठला.

"तुझं आता इथे कुणी नाही," तो म्हणाला. "ये असं मी नाही म्हणणार."

"नको म्हणूस," मी म्हटलं. "पंधरा दिवसांनी येते."

त्याने मान हलवली आणि दारातून आत गेला.